बुडालेला दगड आणि सुटलेली होडी

बादलीभोवती माणसं अशी दाटली होती, की मुंगीलाही आत शिरायला वशिला लागला असता. त्या बेटावर दुकान नाही, दवाखाना नाही. राखीव झाडी, आमचे तंबू आणि दिवसातून एकदा येणारी होडी. मी तिथे दरवर्षी जातो, एका सुसरीशी पत्ते खेळायला. हरतो, पण जातो.

मधोमध, दगडाने दुखणी उतरवणारे दगडेबाबा. समोर आमच्यातल्याच एका चष्मेवाल्याची लेक, सकाळपासून उजव्या कुशीत पोट धरून कण्हत असलेली.

"हा बघा निरोगी दगड! फुलासारखा तरंगतो! आता हा पोरीचं दुखणं पिणार, जड होणार, बुडणार! बुडाला दगड, सुटली रगड!"

रगड म्हणजे काय, हे बाबालाही ठाऊक नसावं. यमक जुळलं, झालं.

त्याने दगड 'जागा करायला' निखाऱ्यांत ठेवला, चिमट्याने उचलून पोरीच्या पोटावरून ओवाळला आणि बादलीत सोडला. चर्रर्र! तरंगणारा दगड गपकन तळाला गेला. माणसांनी आ वासला. आणि पोरगी म्हणाली, "पप्पा, थांबलं दुखायचं."

शेजारच्या तंबूतली दातांची डॉक्टर धावत आली. "थांबलं म्हणूनच घाबरा! अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ असंच बरं वाटतं. होडी उभी आहे, हिला आत्ता न्या."

"तुम्ही दातांच्या ना?" पोरीची आई म्हणाली. "मग पोट सोडा की आमचं!"

मी मध्ये पडलो. "वहिनी, टाचा घासायचा दगड आहे तो. ज्वालामुखीचा वाळलेला फेस. किनाऱ्यावर ढीग पडलाय."

"आजोबा, ही कालच्या सुसरीच्या थापेची धाकटी बहीण वाटतं?"

सगळे खदखदा हसले. कधी नव्हे तो खरं बोललो, तर गिऱ्हाईक नाही.

"दाखवतेच," म्हणत डॉक्टरने किनाऱ्यावरचा दुसरा दगड निखाऱ्यांत खुपसला. पण निखारे विझत आलेले. ती फुंकत बसली, मी काटक्या घालत बसलो. बाबाला आयता विस्तव मिळाला होता. आमच्या दगडाला तापायला वेळ लागत होता.

तेवढ्यात होडीवाला ओरडला, "ओहोटी लागली! आता थांबलो तर गाळात रुतेन. पोरीला आडवं होता येईल अशी जागा ठेवलीय. येताय ना?"

"नको, बरी झाली ती," चष्मेवाला म्हणाला.

"मग मी येतो," म्हणाले दगडेबाबा, आणि पोरीसाठी अंथरलेल्या घोंगडीवर ऐसपैस बसले. होडी सुटली.

दगड तापला तेव्हा ती बरीच लांब गेली होती. डॉक्टरने तो कचऱ्याच्या डब्यावरून ओवाळला आणि बादलीत सोडला. चर्रर्र! तळाला.

"घ्या, डब्याचंही पोट बरं झालं!" ती म्हणाली. कुणी हसलं नाही. "याच्या अंगभर भोकं, भोकांत हवा. म्हणून तरंगतो. तापवला की आतली हवा फुगून बाहेर पडते. गार पाण्यात पडला की उरलेली आकसते आणि भोकं पाणी ओढून घेतात. मग बुडेल नाही तर काय करेल? तो पाणी प्यायला, दुखणं नाही."

चष्मेवाल्याने दगड बाहेर काढला, झटकला. भोकाभोकांतून पाणी ठिबकलं. मग तो धावत गुडघाभर गाळात शिरला आणि हातवारे करत ओरडू लागला. होडी तोवर राईएवढी झाली होती.

झाडीच्या रखवालदाराने पलीकडे मदत मागून वायरलेस ठेवला. "भरती आल्याशिवाय कुणालाच येता येणार नाही म्हणतात. उजाडेल."

डॉक्टरने पोरीला निजवलं, काही खायला-प्यायला देऊ नका म्हणून बजावलं. डॉक्टरच्या पिशवीत फक्त दाढदुखीच्या गोळ्या होत्या. पिशवी तिने पुन्हा बंद केली.

"पप्पा," पोरगी म्हणाली, "दगड बुडाला ना? मग आता सगळंच पोट का दुखतंय?"

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्यापाशी थापांचं कोठार आहे. त्याला कुलूप लावलं आणि पोरीला वारा घालत बसलो.

म्हणून मंडळी, एवढंच सांगतो. चमत्कार दिसला तर खुशाल बघा, हव्या तर टाळ्या वाजवा. पण आधी आजाऱ्याला होडीत बसवा.