मधला कोन

“झेड, डोक्यावर रेघ. अधिक. उलटा सहा,” ठकी वाचत होती. “भागिले उलटा सहा झेड. कंस पुरा. बाबा, एक मिनिट हं, ह्यानं केळं नाकात घातलं.”

बाबा थांबले. पिल्लूच्या नाकातलं केळं काढून, पुसून, उरलेला घास त्याच्या तोंडात सारून होईपर्यंत ते आरामखुर्चीत डोळे मिटून बसून राहिले, ऐकलेली ओळ मनात धरून. मग म्हणाले, “हं. कंस पुरा. पुढे?”

पिल्लू झोपलं की वाचायचं असं दोघांचं ठरलं होतं, पण पिल्लूला कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे भरवणं आणि वाचणं एकदमच चालायचं. एका मांडीवर पिल्लू, हातात वाटी, समोर स्टुलावर उघडा प्रबंध. ठकीचं गणित शाळेतच सुटलेलं. चिन्हांना तिनं आपली नावं ठेवली होती. उलटा सहा, उलटा डोंगर, पोटात रेघ मारलेलं शून्य. सुरुवातीला बाबा हसले, मग तेही तसंच बोलायला लागले. वाकड्या पृष्ठभागांची भूमिती उभा जन्म शिकवलेला माणूस “तो उलटा डोंगर पुन्हा सांग गं” म्हणायचा, तेव्हा ठकीला हसू यायचं आणि मागोमाग वाईटही वाटायचं.

बाबांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला होता. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. कडेचं तेवढं दिसायचं. रस्ता दिसे, दार दिसे, फळ्यावर हाताच्या अंदाजानं मोठ्या अक्षरांत लिहिता येई. अक्षर आणि चेहरा मात्र गेला. बोलताना ते माणसाच्या कानापलीकडे बघत, कारण तसं बघितलं तरच माणूस थोडा हाती लागे. विद्यापीठाच्या गणित विभागातले लोक म्हणत, सरांची मान हल्ली मोठेपणानं वाकडी झाली आहे. बाबांनी ते म्हणू दिलं. गर्विष्ठ म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं. दिसत नाही हे कळलं असतं तर वर्ग गेला असता, विद्यार्थी गेले असते, आणि आई गेल्यापासून त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

डॉक्टरांकडून परत येताना त्यांनी ठकीला एवढंच म्हटलं होतं, “हे आपल्या दोघांतच राहू दे.” तेव्हा ती बाळंतपणाला आलेली होती. आता पिल्लू रांगायला लागलं तरी ती इथंच होती, आणि पिल्लूचे बाबा फोनवर विचारत की माहेर एवढं कसलं गोड लागलंय. ती काहीतरी सांगून वेळ मारून नेई.

हा प्रबंध एका मुलीचा होता. बाबा तिला कोनवाली म्हणत. तिचे मार्गदर्शक दुसरे, बाबा परीक्षक. एक कोन धरून तिनं चार वर्षं काढली होती. तो कोन काय, हे बाबांनी ठकीला पिल्लूची दुपटी वाळत घालताना समजावलं होतं.

“असं समज, तू एका वाकड्या पृष्ठभागावर उभी आहेस. एका दिशेला बोट कर. आता काटकोनात वळ. एरवी कसंही वळता येतं. पण संमिश्र अवकाशात वळायची एकच रीत असते, ती तो अवकाशच ठरवतो. त्या रीतीनं वळलीस, की कधी बोट पृष्ठभागालाच टेकून राहतं. कधी ते पृष्ठभाग सोडून ताठ बाहेर उभं राहतं.”

“आणि कधी तिरपं,” ठकी म्हणाली होती. “थोडं आत, थोडं बाहेर.”

“हां,” बाबा एकदम खुलले होते. “तोच मधला कोन. सगळीकडे सारखाच तिरपा राहील असा पृष्ठभाग असतो का? साबणाच्या पापुद्र्यासारखा ताणलेला, कुठंही फुगवटा नाही, आणि कोन मधला. मी तुझ्याएवढा होतो तेव्हापासून शोधतोय.”

कोनवालीचं म्हणणं होतं, तिनं घेतलेल्या अवकाशात असा पृष्ठभाग नसतोच. एक तर पुरता आत, नाहीतर पुरता बाहेर.

त्या दुपारी ठकीनं पान संपवलं, पिल्लूचे हात पुसले, पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं. “आता दोन्ही बाजूंना ह्या राशीने भागू.”

“थांब,” बाबा म्हणाले. “भागू? ती राशी शून्य नाही हे कुठं दाखवलंय?”

ठकीनं मागचं पान पुन्हा वाचलं. तिथं ते नव्हतं. पुढची दोन पानं वाचली. तिथंही नव्हतं. बाबा खुर्चीत ताठ झाले होते. पृष्ठभागावर जिथं जिथं ती राशी शून्य होईल तिथं तिथं हा भागाकार कोसळणार, म्हणाले, आणि त्यावरची अख्खी इमारत. “शून्यानं भागू नये हे मी ह्या पिल्लूलासुद्धा शिकवीन.”

संध्याकाळी त्यांनी अहवाल सांगितला आणि ठकीनं टाइप केला. मुख्य प्रमेयाची सिद्धता अपुरी आहे. पदवीची शिफारस करता येत नाही. सहीच्या जागी तिनं नेहमीसारखी पट्टी धरली आणि बाबांनी पट्टीच्या कडेनं सही केली. ते मग स्वयंपाकघरात कप विसळताना गुणगुणत होते. ठकीला ते ऐकू आलं. एका मुलीची चार वर्षं फुकट गेली आणि हा माणूस गुणगुणतो, हे तिला खटकलं. पण बापाच्या गुणगुणण्यावर लेकीनं काय बोलायचं?

तोंडी परीक्षेच्या सकाळी बाबा लवकर निघाले. अहवालाचं बंद पाकीट खिशात होतं; तो तिथंच वाचला जायचा होता. प्रबंधाची प्रत त्यांनी घरी ठेवली. सगळं पाठ असताना ओझं कशाला, म्हणाले. खरं कारण ठकीला माहीत होतं. प्रत पुढ्यात असली की कुणीतरी अमुक पान काढा म्हणतं.

ती दूध तापवत होती. स्टुलाशी रांगत गेलेल्या पिल्लूनं प्रबंध खाली ओढला आणि ते एका पानाचा कोपरा तोंडात घालून चोखायला लागलं. “अरे, अरे, खादाडा,” म्हणत ठकीनं पान ओढलं. चर्र असा बारीक आवाज झाला आणि एका पानाची दोन पानं झाली.

मधे वाळून तपकिरी झालेलं केळं होतं.

आतलं पान तिनं कधीच पाहिलं नव्हतं. पानं एकाच बाजूनं छापलेली. आधीच्या पानाची पाठ आणि ह्याचं तोंड एकमेकांना चिकटून बसलेलं. वरच्या ओळीत ठळक अक्षरांत होतं: ही राशी शून्य होते असे बिंदू सुटे सुटे असतात, त्यामुळे त्यांना वगळून भागता येते व शेवटी तेही भरून काढता येतात. खाली पानभर सिद्धता.

ठकी जमिनीवरच बसली. अहवालातलं ते वाक्य तिच्याच बोटांनी उमटलेलं होतं. तिनं बाबांना फोन लावला. तो आतल्या खोलीत उशीखाली वाजला. मग गॅस बंद करून, पिल्लूला कडेवर घेऊन, ती दोन पानं प्रबंधातून काढून हातात धरून ती चपला अडकवत निघाली.

वाटेभर तिला एकच दिसत होतं. ती मुलगी म्हणणार, सर, आहे की, हे बघा. आणि ते पान बाबांच्या हातात देणार.

विभागाच्या जिन्यावर तिला धाप लागली. वरच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत लांब टेबल, टेबलाच्या टोकाला विभागप्रमुख, जे एके काळी बाबांचेच विद्यार्थी होते; त्यांच्या शेजारी बाहेरगावचा परीक्षक, पुढ्यात उघडा अहवाल. फळ्याजवळ कोनवाली. ठकीला वाटलं होतं कुणी तडफदार असेल. ही बारकीशी, कोपरापर्यंत खडूनं माखलेली. आणि तिच्या प्रतीतलं ते पान बाबांच्या हातात होतं.

त्यांनी ते डोळ्यांपुढे धरलं होतं, मान एका बाजूला वळवून. कागदाच्या कडेपलीकडे खिडकी होती, तिकडे ते बघत होते. खोली वाट बघत होती.

“पाहिलं,” बाबा म्हणाले. “हे पुरेसं नाही.”

“कुठं कमी पडतं, सर?” मुलीचा आवाज अगदी खाली गेला होता. “मी दुरुस्त करीन. फक्त कुठली ओळ ते सांगा.”

बाबांनी मान आणखी वळवली. कागद खाली ठेवला नाही.

आपला बाप खोटं बोलतो आहे, हे ठकीनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आत जाऊन काय सांगायचं? शब्द दिला होता. आणि समोर ती मुलगी खडू दोन्ही मुठींत धरून उभी होती.

पिल्लूनं आजोबांना ओळखलं आणि खणखणीत आरोळी ठोकली. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. बाबांनी नाही बघितलं, पण त्यांचा चेहरा पडला.

ठकी आत गेली. माफ करा, म्हणाली, आणि केळ्याचा डाग पडलेली पानं टेबलावर ठेवली. “बाबा, घरच्या प्रतीत ही दोन पानं चिकटली होती. ह्याच्या खाण्यानं. हे पान तुमच्यापर्यंत आलंच नाही. चूक माझी आहे.”

तिनं तेवढंच सांगितलं. त्यातून वाट काढायला जागा ठेवली होती, आणि विभागप्रमुखांनी ती लगेच धरली. असं होतं कधी कधी, म्हणाले, लहान मूल घरात असलं की. सरांनी आता निवांत वाचावं, हवं तर पान घरी न्यावं, आपण उद्या बसू. बाहेरगावच्या परीक्षकानं घड्याळाकडे बघितलं पण मान हलवली. एका दिवसाचा प्रश्न होता. घरी गेल्यावर ठकीनं ते वाचून दाखवलं असतं, आणि उद्या सगळं जिथल्या तिथं झालं असतं.

बाबांनी कागद टेबलावर ठेवला आणि हातानं सपाट केला.

“उद्या कशाला,” ते म्हणाले. मग कोनवालीच्या कानापलीकडे बघत म्हणाले, “तू वाच. मोठ्यानं. मला अक्षर दिसत नाही. बरेच दिवस झाले. मघाशी मी वाचलं नाही, नुसतं म्हणालो.”

विभागप्रमुखांनी टेबलाकडे बघितलं. मुलीला काय करावं कळेना; तिनं ठकीकडे बघितलं, ठकीनं मान हलवली.

ती वाचू लागली. आधी अडखळत, मग चिन्हांची खरी नावं घेत भराभर. बाबांनी डोळे मिटले. त्यांची बोटं टेबलावर हळूहळू काहीतरी गिरवत होती, वळत होती, थांबत होती. एके ठिकाणी त्यांनी तिला अडवलं आणि विचारलं, हे बिंदू एकमेकांच्या जवळ जवळ येत साचणार नाहीत कशावरून? तिनं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा दुसऱ्या वाटेनं सांगितलं, आणि ह्या वेळी तिच्या आवाजात भीती नव्हती. पिल्लू ठकीच्या खांद्यावर डोकं टेकून अंगठा चोखत ऐकत होतं.

वाचून संपल्यावर बाबांनी डोळे उघडले.

“म्हणजे मधलं काही नसतं,” ते म्हणाले.

“ह्या अवकाशात नाही, सर,” मुलगी म्हणाली. जणू माफीच मागत होती.

“नाही. बरोबर आहे. शून्य जिथं येतं तिथं तू सांभाळलंयस. चांगलं सांभाळलंयस.” ते विभागप्रमुखांच्या दिशेला वळले. “माझा अहवाल फाडून टाका. नवा लिहा, मी सही करतो.”

विभागप्रमुखांनी तिथल्या तिथं चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. मग कुजबुजत म्हणाले, “हे आम्हाला आधी सांगायचंत, सर.” बाबा म्हणाले, हो. प्रमुख म्हणाले, पुढच्या सत्राच्या वर्गांचं आपण निवांत बोलू. बाबा त्यालाही हो म्हणाले. त्या बोलण्यात काय होणार ते दोघांनाही ठाऊक होतं.

कागद पुढे आला. बाबांनी पेन उघडलं आणि हात तसाच हवेत राहिला. ठकी कडेवरचं पिल्लू सावरून पुढे व्हायच्या आत कोनवालीनं आपलं बोट कागदावर आडवं ठेवलं.

“इथं, सर. बोटाच्या वरती.”

बाबांनी पेनाच्या टोकानं बोट चाचपलं आणि त्याच्या कडेनं सही केली. शेवटचा फाटा तिच्या नखावर गेला. तिनं बोट लगेच काढलं नाही.

जिन्याच्या तोंडाशी बाबा थांबले. त्या जिन्यानं ते अर्धं आयुष्य एकटे चढले-उतरले होते. कुठली पायरी झिजली आहे, कठडा कुठं हलतो, सगळं पायांना पाठ होतं. खालून मुलं वर येत होती. बाबांनी कठड्यावरचा हात काढला आणि त्या सगळ्यांदेखत ठकीच्या खांद्यावर ठेवला.

“पायरी आली की सांग,” ते म्हणाले.

ठकी सांगत उतरली.