टाकीच्या कडेवरचं कुंकू

मी पेट्रोलची टाकी, मित्रांनो. पण मोटरसायकलची नव्हे बरं का! मी विमानाची टाकी आहे. हसू नका. विमान घरी बनवलेलं असलं तरी ते उडतं, आणि त्याच्या पोटात पेट्रोल माझंच असतं.

माझा जन्म अकोल्यातला, सहदेवच्या वर्कशॉपात. फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात त्याचा हातखंडा. आसपासच्या गावांतले शेतकरी "सहदेवभाऊ, पंप गळते" म्हणत त्याच्याकडेच येत. त्याच हातांनी त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, वाकवला, रिवेट ठोकले आणि मला घडवलं. विमान एकच माणूस बसेल एवढं. चालवणार होती त्याची मुलगी रागिणी. ती विमान चालवायला रीतसर शिकलेली. माझी जागा तिच्या पुढ्यात, अगदी मांड्यांच्या वर. मी गळले तर पेट्रोल सरळ तिच्या अंगावर, आणि पुढे तापलेलं इंजिन. म्हणून माझ्या जन्माची घाई करायची नव्हती, आणि सहदेवने केलीही नाही.

फक्त वरचं पत्र्याचं झाकण बसवायचं राहिलं होतं, तेवढ्यात दसरा आला. वर्कशॉपात हत्यारांची पूजा झाली. सहदेवची बायको लीलाबाई मोठी हौशी. तिने तेलात कालवलेलं कुंकू घेतलं आणि माझ्या आतल्या कडेवर पाच बोटं ओढली. "माह्या लेकीले सांभाळजो माय," असं मला म्हणाली. मला कुणी माय म्हणण्याची ती पहिलीच वेळ. खोटं कशाला सांगू, मी फुलून गेले.

दुसऱ्या दिवशी सहदेव दोन डब्यांतला मसाला कालवून बसला. हा मसाला सांध्यात भरला की तो रबरासारखा घट्ट होतो आणि पेट्रोल अडवतो. पण त्याला पत्रा हवा कोरा करकरीत. नुसत्या बोटाचं तेल लागलं तरी तो पकड सोडतो. सहदेवला हे पाठ होतं. त्याने सगळ्या कडा खरवडल्या, थिनरने पुसल्या. कुंकवापाशी मात्र त्याचा हात अडला. लेकीसाठी आईने लावलेलं कुंकू पुसायचं? त्याने तेवढा भाग सोडला, वरून मसाला लावला आणि झाकण ठोकून टाकलं. मला कळत होतं हो! पण सांगणार कसं?

मग पंखांचं काम निघालं आणि मी दोन वर्षं कोपऱ्यात पडून राहिले. माझ्यावर धूळ बसली, एका पालीने माझ्याखाली घर केलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी एकदा विमान तपासणाऱ्या साहेबांची तारीख मिळाली. चार दिवस उरले असताना रागिणीने माझी सगळी तोंडं बंद केली, एकावर फुगा बांधला आणि सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरली. फुगा टम्म झाला. सकाळी पाहते तर मलूल.

"बाबा, फुगा बसला."

"फुगाच बोगस असंल. दुसरा लाव."

दुसराही बसला. तेव्हा तिने साबणाचा फेस करून ब्रशने माझ्या कडांवर फिरवला. एका जागी बारीक बुडबुडे उठू लागले.

"वरून मसाला चोपडतो," सहदेव घाईने म्हणाला.

"वरून चोपडून काय होते बाबा? पेट्रोल आतून येते. मले हिच्याच मागं बसाचं आहे."

सहदेवचा चेहरा उतरला. झाकण उघडायचं म्हणजे एकशे बेचाळीस रिवेट काढायचे आणि तारीख हातची घालवायची. पण चेहरा तेवढ्यासाठी उतरला नव्हता. शेजारी बसलेल्या बायकोकडे न बघता तो म्हणाला, "लीला, तिथं तुहं कुंकू होतं. सगळं पुसलं, पण ते पुसाले माहा हात धजला नाही."

"मंग दोन वर्स बोलले काहून नाही?"

"तुले वाईट वाटंल म्हनून."

मला वाटलं, आता लीलाबाई रडणार. पण ती बाई उठली आणि म्हणाली, "खोला ते झाकण. अन् थिनर आना इकडं."

झाकण निघालं. कुंकवावरचा मसाला नखाने सुटून आला, खाली तेल अजून ओलसर होतं. सहदेव फडकं घ्यायला पुढे झाला, तर तिने त्याचा हात बाजूला सारला. "म्या लावलं, मीच पुसतो. देवाले राग आला तं माह्यावर येऊ दे. पोरगी धड खाली उतरली पाहिजे." आणि पाचही बोटं तिने घासघासून पुसली. मित्रांनो, माझ्यावर इतकी माया कुणी केली नव्हती.

कोऱ्या पत्र्यावर सहदेवने नवा मसाला भरला, झाकण पुन्हा ठोकलं. तारीख गेली, नवी मिळायला दोन महिने लागले. या वेळी फुगा बसला नाही, फेसात एक बुडबुडा उठला नाही. साहेबांची तपासणी पार पडली आणि रागिणीने मला घेऊन आभाळात दोन फेऱ्या मारल्या. खाली उतरल्यावर सहदेव धावत आला तो आधी माझ्याकडे. त्याने माझ्या कडेवरून तळवा फिरवला, नाकाला लावला आणि मगच लेकीला पोटाशी धरलं.

मित्रांनो, तुमच्या घरी गॅसची नळी असेल, तिला कधीमधी साबणाचा फेस लावून पाहत जा. आणि चूक आपल्याच हातून झाली असेल, तर घरच्यांना वाईट वाटेल म्हणून ती झाकू नका. सहदेव उशिरा का होईना, बोलला. लीलाबाईने ऐकून घेतलं. म्हणून मी आज कोरडी आहे आणि रागिणी घरी जेवायला बसली आहे.