वाट्याचा काना

मी मनोरीच्या मथुरामावशींच्या मासळीचं वेबपेज बोलतोय. जन्म विलेपार्ल्याचा, त्यांची भाची कल्पिता हिच्या लॅपटॉपवर. वय पाच महिने.

मावशी मासळी किलोवर विकत नाहीत, वाट्यावर विकतात. वाटा म्हणजे एका गिऱ्हाइकापुरती लावलेली रास. म्हणून कल्पितानं मला हिरवं बटण लावलं, ‘वाटा ठेवा’. दाबलं की तुमचा वाटा बाजूला. बटणाची चौकट तिनं मोजूनमापून आखली. तिच्या फोनवर मी असा झकास दिसलो की मला चांगलाच गर्व झाला.

गर्वाचं घर खाली. आठ दिवसांत फक्त तिच्या दोन मैत्रिणींनी बटण दाबलं. नवव्या दिवशी मावशी मार्व्याच्या फेरीबोटीनं खाडी ओलांडून भरल्या पाटीनिशी तिच्याकडे आल्या.

“आज पाटी रिकामी नाय झाली तर तुझं ता पान बंद कर. मी आपली बाजारात बसंन.”



कल्पितानं मावशींचे जुने गिऱ्हाईक श्यामसुंदरकाका यांना फोन लावला. “काका, ऑर्डर का नाही दिलीत?”

“अगं, तूच लिहिलंयस ना, ‘वाट’. बघतोय ना आठ दिवस.”

काका कुठला ब्राउझर वापरतात ते विचारून तिनं मला आपल्या लॅपटॉपवर त्यातच उघडलं. तिथे अक्षरं जरा रुंद, चौकट मात्र तेवढीच. ‘ठेवा’ खाली ढकललं जाऊन गायब आणि ‘टा’चा काना छाटलेला. उरलं ‘वाट’. सभ्य पार्लेकर बिचारे बघत बसले. मला फार लाज वाटली.

कल्पितानं ब्राउझरमधलं जुनं साठलेलं पुसलं. काही फरक नाही. अक्षरं बारीक केली, तर काकांना वाचता येईनात.

मावशी मागून डोकावल्या. “म्हावरं मोठं आलं तर पाटी मोठी घेतात गो. शेपटी छाटतात काय?”

कल्पिता हसत सुटली. तिनं चौकटीचं माप काढून टाकलं. आता अक्षरं वाढतील तसं बटण वाढतं. मग मला चार ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. रूप थोडं वेगळं, पण काना सगळीकडे शाबूत.

काकांनी बोंबलाचे दोन वाटे ठेवले. बाकीच्या गिऱ्हाइकांनीही बटण दाबलं आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली.

“ऱ्हाऊ दे ता पान,” मावशी म्हणाल्या.

तेव्हा मंडळी, मी कुठे वाकडा दिसलो तर रुसून जाऊ नका. कुठला फोन, कुठला ब्राउझर, तेवढं कल्पिताला कळवा. आणि बटणावर नुसतं ‘वाट’ दिसलं, तरी बघत बसू नका. दाबा. वाटा तुमचाच आहे.