ओदिलबाईंचं स्वयंपाकघर

अंबरनाथच्या कारखान्याने चौऱ्याऐंशी साली आमच्या ह्यांना नवीन मशीन शिकायला वर्षभर फ्रान्सला धाडलं, तेव्हा इकडे कात्रपच्या घरात माझ्या सासूबाई अर्धांगवायूने पडून होत्या. त्यांचं सगळं मी केलं. हे परतले ते "फार हाल झाले गं तिकडे" म्हणतच. मी हळहळले. पुढे तीन वर्षं सासूबाई अंथरुणावर होत्या, पण ह्यांनी आईच्या तोंडाला कधी पाण्याचा पेला लावला नाही. "मला नाही जमत ते," म्हणायचे. मीही म्हटलं, पुरुषाची जात, नसेल जमत.

सत्त्याण्णव साली कारखान्याने ह्यांना पुन्हा पंधरा दिवस पाठवलं. हे तेव्हा राहिले ते गाव मला बघायचंच होतं. कॅम्प तीनच्या शिलाई कारखान्यात जीन्स शिवून साठवलेल्या पैशांतून मी माझं तिकीट काढलं.

गाव टेकडीच्या माथ्यावर. खाली द्राक्षांचे मळे, वर दगडी घरं आणि चर्च. मलंगगड चढलेली मी, मला कसला दम लागतोय! ह्यांचीच पावलं जड झाली होती. वय झालं, मला वाटलं.

दार उघडलं ओदिलबाईंनी, ह्यांच्या तेव्हाच्या घरमालकिणीने. ऐंशीची, कमरेत वाकलेली. ह्यांना बघून ती रडायलाच लागली. ह्यांनी तिला धरून खुर्चीत बसवलं, पायाखाली पाट सरकवला, आत जाऊन न विचारता फडताळातून कप काढले आणि कॉफी केली. तिचे हात थरथरत होते, म्हणून कप स्वतः तिच्या ओठांना लावला. मी बघतच राहिले.

ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. हे लालबुंद.

"काय म्हणतायत?"

"काही नाही गं."

"अहो, सांगा!"

"तेव्हा हात मोडला होता त्यांचा. जेवू घालण्यापासून वेणी घालण्यापर्यंत मीच केलं होतं. विचारतायत, हे सगळं तुम्ही शिकवलंत का याला."

एखादी तरुण बाई निघाली असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. या म्हातारीशी काय भांडू? ह्यांना सगळं जमत होतं. आमच्यासाठी तेवढं जमवायचं नव्हतं. आयुष्यभर मला फसवलं या माणसाने.

"सांगा त्यांना," मी म्हटलं, "या माणसाची नि माझी ओळख आजच झाली."

हे तिला काहीतरी बोलले, मी म्हटलं ते नक्कीच नव्हे. ओदिलबाई खुदकन हसल्या आणि त्यांनी माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले.