कल्याणच्या ओट्यावरच्या कुरडया

उन्हं वर यायच्या आतच नंदाबाईनं शेजारच्या चतुराबाईच्या सात पिढ्या उद्धरल्या. कारणही तसंच होतं. वस्तीमागच्या स्मशानात कल्याणची समाधी, तिच्यावर गुळगुळीत फरशीचा ओटा. त्या ओट्यावर जुनं लुगडं अंथरून चतुराबाई खुशाल कुरडया घालत होती.

"माझ्या लेकाची समाधी हाय ती. तुझ्या बापाचं खळं न्हाई."

"मसणाचा विटाळ तर आपण कवाच सोडला, बाई." चतुराबाईनं साचा दाबला. "अन् कल्याणला कुरडयांचा राग होता का? जित्तेपणी माझा चीक चोरून खायचा."

तृप्तीचा एक डोळा सासूवर, नंदाबाईवर, दुसरा लेकावर, मिथुनवर. कल्याण, तिचा नवरा, फौजेतून धडधाकट घरी आला आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात, आईच्या कुरडयांवरून वानरं हाकलताना, पत्र्यावरून पडून गेला. तेव्हापासून नंदाबाईनं गहू भिजत घातला नव्हता. आणि तृप्तीनं घरातली शिडी माहेरी धाडली होती. बीए झालेली बाई, पण मिथुन पाटावर उभा राहिला तरी हिचा जीव टांगणीला.

"तुझ्या पत्र्यावर घाल की," नंदाबाई म्हणाली.

"पत्र्यावर कुणाला चढवू? तुझ्याकडं बघून भ्याव बसलं ना." चतुराबाईचा आवाज जरा उतरला. "हितं बराय. पडलं कुणी, तं गुडघाभरच पडंल."

तेवढ्यात लिंबावरून एक वानर खाली सरकलं, अन् मिथुन काटकी घेऊन थेट ओट्यावर.

"मिथुन, उतर खाली," म्हणत तृप्ती धावली. तिचा हात पोचायच्या आधीच पोरगं घसरलं, फुफाट्यात बसलं, ढुंगण झटकलं अन् पुन्हा चढलं. वानर लिंबावर जाऊन दात विचकत राहिलं.

तृप्तीनं पुढं केलेला हात हळूच मागं घेतला.

"अस्सल बापावर गेलंय," नंदाबाई म्हणाली. पदरानं नाक पुसलं. मग म्हणाली, "चतुरे, आज गहू भिजू घालते. माझ्यासाठी अर्धा ओटा सोड."

"सोडते की. डोक्याकडचा घे, तिकडं ऊन बराबर लागतं."

"नगं. पायाकडचा दे," नंदाबाई म्हणाली. "त्याच्या तोंडाजवळ ठिवल्या, तर माझी एक कुरडई उरायची न्हाई."