बाद फोटो

फोटोआजींनी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. रीळ जपून वापरायचं आणि डोळे मिटलेला फोटो बाद करायचा, ही त्यांची तेव्हापासूनची शिस्त. आता दर शुक्रवारी त्या तिसरीच्या मुलांना डिजिटल कॅमेरा शिकवत. कॅमेरा एक, मुलं बावीस. आज मुख्याध्यापिका बाई फोटो बघून ठरवणार होत्या, हा तास ठेवायचा की त्या जागी गणिताची उजळणी घ्यायची.

आजींनी कॅमेरा पडद्याला जोडला. पडदा कोरा!

"महिनाभराचे फोटो गेले कुठं?"

मग पहिल्या बाकावरची चिंगी उभी राहिली.

"मी बाद केले. तुम्हीच म्हणालात ना, हललेला बाद, वाकडा बाद, डोळे मिटलेला बाद. मी एकेक नीट बघितला, आजी. एकही पास झाला नाही."

"माझापण उडवला हिनं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझ्यात नुसता अंगठा होता!"

आजींना हसावं की रडावं कळेना. शिस्त आपलीच, बोलायचं कुणाला? बाई यायला वीस मिनिटं उरली होती.

"चला, उठा! प्रत्येकाला एकच क्लिक. कोपर पोटाशी, श्वास रोखायचा. आणि आज बाद काही नाही."

"हललेला?"

"ठेवायचा."

"वाकडा?"

"ठेवायचा गं बाई!"

मग काय, वर्गभर नुसती धमाल. कुणी नळाखालची ओंजळ टिपली, कुणी पळणारे बूट, कुणी आजींचाच वासलेला जबडा. चिंगी मात्र कॅमेरा डोळ्याला लावून खांबासारखी उभी.

"अगं, दाब की!"

"चांगलं काही दिसतच नाही."

इतक्यात दार उघडलं. बाई आत आल्या, फळा पुसल्याची धूळ नाकात गेली आणि त्या जोरात शिंकल्या. क्लिक!

पडद्यावर एकवीस फोटोंनंतर बाई आल्या. डोळे गच्च मिटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, अंबाडा एकीकडे. चिंगीचं बोट हळूच बाद करायच्या बटणाकडे सरकलं.

"हात लावून तर बघ!" बाई गरजल्या, आणि पदराने डोळे पुसत हसतच सुटल्या. "अगदी माझी आई! ती अशीच शिंकायची. मी तिच्यासारखी दिसते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"मग तास?" आजींनी विचारलं.

"गणित सोमवारी. शुक्रवारी मलाही एक बाक ठेवा." बाईंनी चष्मा वर सरकवला. "माझेही फोटो हलतातच."