सतरावं मडकं

विहीर निम्म्यावर आली तशी दोघी जावांनी वेलांना पाटाने पाणी सोडणं बंद केलं. प्रत्येक वेलाच्या बुडाशी एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, भरलं आणि वर झाकण ठेवलं. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरायचं, थेट मुळांना पोचायचं. चार दिवस बघायला नको.

धाकटीने स्वतःच्या हाताने सोळा मडकी पुरली होती. पाचव्या दिवशी ती भरायला गेली, तर झाकणं सतरा.

"जाऊबाई, टोकाला एक जास्तीचं तुम्ही पुरलंत?"

"मला हौस आलीय का खड्डे खणायची? मोजताना चुकली असशील."

धाकटीने तेही भरलं. तासाभराने सहज डोकावली, तर आत थेंब नव्हता.

"तडा गेला असेल," म्हणत थोरलीने भर दुपारी कुदळ आणली. मडकं निघालं धडधाकट. भोवतालची माती मात्र पिठासारखी कोरडी. थोरलीने मडकं उचलून बांधावर ठेवलं आणि खड्डा बुजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वेल माना टाकून पडले होते. कालच भरलेली सोळाच्या सोळा मडकी खडखडीत कोरडी!

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. "आधी ते होतं तिथे ठेव," ती एवढंच बोलली.

धाकटीने मडकं परत पुरलं. खरंच तडा नाही ना, म्हणून तिने आत हात घातला. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, तरी तळ लागेना. मडकं तर वीतभरच खोल होतं. मग तळहाताला ओलं, खरखरीत काहीतरी एकदाच लागून गेलं. गाईची जीभ लागावी तसं. तिने झटकन हात बाहेर ओढला.

"काय गं? काय झालं?"

"तहान लागलीय त्याला," धाकटी म्हणाली. असं आपण का बोललो, ते तिलाही कळलं नाही.

थोरलीने एरवी तिची चेष्टा केली असती. आज ती मुकाट्याने विहिरीवर गेली, दोन बादल्या आणल्या आणि आधी ते मडकं भरलं. आतून घटाघटा आवाज आला, मग थांबला.

त्यानंतर रोज दोन बादल्या तिथे जायच्या. बाकीच्या सोळा मडक्यांतलं पाणी चारऐवजी आठ-आठ दिवस पुरू लागलं. वेलांवर भोपळे दिसामाशी वाढले, विहीर आटली नाही. पण त्या टोकाला धाकटी पुन्हा कधी एकटी गेली नाही.